आधी अभ्रा, मग ब्लाऊज

मावशी, नमस्कार.

माझं वय ४१. इंदूरला सुदामानगरात राहते. घरात सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. सासरे मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा सासूबाईंनी याच मशीनवर गल्लीभरचे ब्लाऊज-परकर शिवून घर सावरलं, दोन्ही मुलांची शिक्षणं केली. आता त्या ७६ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक काम दिसत नाही. मशीन नुसतं झाकून ठेवलेलं बघवेना, म्हणून मी जवळच्या क्लासला नाव घातलं. तिथे दीड महिना ब्राउन पेपरवर ड्राफ्टिंग करून घेतलं आणि मग थेट अस्तराचा ब्लाऊज शिवायला लावला. तो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, कचतो, पुढून वर चढतो आणि टक्सचं, म्हणजे उभारासाठी घातलेल्या चुण्यांचं, टोक भलतीकडेच येतं. घरात हसं झालं. हे म्हणाले, "टेलरकडे टाक ना, कशाला जिवाला त्रास!" सासूबाई शेजारी बसून बघतात आणि दोन मिनिटांत "सरक, मी करून दाखवते" म्हणून मशीनचा ताबा घेतात. वर त्यांनी स्वतःची जुनी महेश्वरी साडी मला दिली आहे, "हिचा कुर्ता शिव तुला" म्हणून. तिला कात्री लावायची माझी हिंमत होत नाही. मशीनचा दोरा सारखा तुटतो, खाली गुंते होतात. नवं विजेवरचं मशीन घेऊ का? की हे माझ्या हातातच नाही असं समजून सोडून देऊ? आणि शेजारणी विचारायला लागल्यात, "आमचंही शिवून देशील का?" त्यांना काय सांगू?

— सुदामानगरची सून

*

अगं, सोडून द्यायला आधी धरायला तर हवं! तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हातात नाही असं त्यात मला कुठे दिसलं नाही. शेवटचा धडा तुला पहिल्याच दिवशी दिला, एवढंच दिसलं.

ब्लाऊज हे आपल्याकडचं सगळ्यात अवघड शिवण, आणि बायकांना नेमकं तेच सगळ्यात आधी शिकायचं असतं. कापड जेमतेम मीटरभर, पण त्यात काय काय कोंबलेलं असतं बघ: टक्स, बाही, गळ्याची पट्टी, हुकपट्टी, अस्तर. हे सगळं अंगाला चिकटून बसायला हवं, तेही न ताणणाऱ्या कापडात. कुर्ता अर्धा इंच सैल झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्लाऊज पाव इंच चुकला की हात वर करायची चोरी. क्लासवाल्या बाईंना मी फार बोल लावणार नाही. येणारी प्रत्येक जण ब्लाऊजच मागते, दुसरं काही शिकवायला घेतलं तर फी बुडायची. पण दीड महिना ब्राउन पेपर? कागद घसरत नाही, त्याचे धागे सुटत नाहीत, तिरका ओढला तरी ताणला जात नाही. कापडाचा सगळा खोडसाळपणा कागदावर गायब असतो. पाय मशीनवर बसायच्या आधी आठवडेच्या आठवडे ड्राफ्टिंग, हे मला कधीच पटलेलं नाही.

तो ब्लाऊज फेकू नकोस, आणि आत्ता दुरुस्त करतही बसू नकोस. घडी घालून कपाटात टाक. काय चुकलं ते मात्र ऐकून ठेव. काखेपासून छातीकडे सुरकुत्या धावत असतील, तर मुंढा कमी खोल कापला गेला आहे. पुढून वर चढतो याचा अर्थ पुढचा भाग मागच्याइतकाच लांब बेतला. छातीच्या उंचवट्यावरून जाताना कापड खर्च होतं, म्हणून पुढची लांबी जास्त लागते. खाली पट्टी जोडून हे सावरता येतं. आणि टक्सचं टोक छातीच्या टोकावर न्यायचंच नसतं, साधारण इंचभर अलीकडे थांबवायचं. तिन्ही चुका सुधारता येण्यासारख्या आहेत. पण सुधारायला सरळ टीप यायला हवी आणि न कंटाळता उसवता यायला हवं, म्हणून तो कपाटात.

आता मशीन. नवं घेऊ नकोस, निदान आत्ता तरी. सासूबाईंचं ते काळं बिडाचं धूड तुझ्यानंतरही चालेल. त्यात फक्त सरळ टीप पडते, झिगझॅग नाही, काजं नाहीत. तुला वर्षभर तरी सरळ टिपेखेरीज काही लागणार नाही. पण बरीच वर्षं झाकून राहिलेल्या मशीनमधलं जुनं तेल घट्ट होऊन बसतं. मशीन दुरुस्त करणाऱ्याला एकदा घरी बोलाव. तो रॉकेलने धुऊन काढेल, नव्याने तेल देईल, चामड्याचा पट्टा सैल पडला असेल तर थोडा कापून पुन्हा तारेच्या कडीने जोडेल. तो काम करत असताना शेजारी बस आणि तेलाची भोकं कुठे कुठे आहेत ते बघून घे. पुढे तूच दर थोड्या दिवसांनी थेंब थेंब तेल द्यायचंस. शिलाई मशीनचंच तेल. खोबरेल चुकूनही नको, थंडीत थिजतं, आणि इंदूरची थंडी तुला मी काय सांगू!

दोरा तुटतो आणि खाली गुंता होतो, यातली निम्मी तक्रार ओवण्यात असते. खाली गुंता दिसला की सगळे बॉबिनला शिव्या घालतात. बहुतेक वेळा बॉबिन बिचारी निर्दोष असते. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो, तो सैल सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो. म्हणून दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, नेहमी वर उचललेलं ठेव. फूट वर असलं की चकत्या सैल होतात, दोरा आत शिरतो. खाली असलं की चकत्या मिटलेल्या, दोरा वरच्यावर तरंगत राहतो. सुई बदललीस का कधी? नसशीलच. सुई बोथट झाली किंवा तिचं टोक किंचित वाकलं तरी दोरा तुटतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जीन्ससारख्या जाडाला १६ किंवा १८. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्या बाजूने ओवायचा. उलट बाजूने ओवला की टाके सुटतात, दोरा तुटतो, आणि माणूस मशीन विकायला काढतो.

सासूबाईंच्या डब्यातली रिळं वापरत असशील तर एक एक दोरा हातात धरून झटका देऊन बघ. पटकन तुटला तर तो कुजलाय. त्याने फक्त कच्चे टाके घालायचे.

आणि दात्यांवरची पट्टी स्क्रू काढून उघड. खाली कापडाच्या भुशाचा थर बसलेला असेल, जुन्या टूथब्रशने झाडून घे.

मशीन मोकळं झालं की एक दुपार दोरा न घालताच बस. मुलांच्या वहीचा रेघांचा कागद फुटाखाली धर आणि रेघेवर सुई चालव. पायाची लय बसेपर्यंत चाक उलटं फिरेल, सगळ्यांचंच फिरतं. चाकाचा वरचा भाग स्वतःकडे येईल असं हाताने सुरू करून द्यायचं आणि मग पाय लावायचा. पाय आणि हात यांचं जमलं की वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा, आणि जुन्या चादरीचा दुहेरी तुकडा. टीप मार आणि दोन्हीकडून नीट बघ. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ कापडाच्या दोन थरांच्या पोटात लपायला हवी. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे, स्क्रू किंचित सैल कर. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी, किंचित आवळ. या एका तुकड्यावर तासभर घालव. ही दोन रंगांची तपासणी हाताशी असली की ऊठसूट मशीनवाल्याकडे धावायला नको. पुढे प्रत्येक नवं कापड घेतलंस की त्याच्या चिंधीवर आधी हेच करायचं.

मग अभ्रा. हसू नकोस. अभ्र्यात शिवणाचं निम्मं बाळबोध येऊन जातं: उभा-आडवा धागा, माप, दुमड, कोपरा, सुलट-उलट. चुकलं तर तो उशीवर जातो, रात्री डोकं टेकलं की शिवण कुणाला दिसत नाही. राजवाड्याजवळ एम. टी. क्लॉथ मार्केटात किंवा शीतलामाता बाजारात जा आणि साधं सुती पॉपलिन घे, नाहीतर मांजरपाट. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच बघ. नेहमीची १७ बाय २७ इंचांची उशी धरली तर जोडीला पावणेदोन मीटर पुरतं. घरी आणल्या आणल्या कापड रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर. सुती कापड आटतं. शिवून झाल्यावर आटू द्यायचं की कापायच्या आधी, एवढाच प्रश्न असतो. इस्त्रीला शिवणाइतकाच मान दे. प्रत्येक टीप मारल्यावर ती दाबून घेतली की नवशिक्याचं शिवणसुद्धा घरगुती न दिसता नीटस दिसतं.

कापताना खडूची रेघ काठाला समांतर धर. ६४ इंच लांब आणि १९ इंच रुंद अशा दोन पट्ट्या पन्ह्यात शेजारी शेजारी निघतात. एक पट्टी घे. दोन्ही आखूड बाजू आधी पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडून टीप मार. पट्टी ६२ इंचांची उरेल. आता ती सुलट बाजू वर करून टेबलावर पसर. एक टोक उचलून पट्टीवर २८ इंच दुमड. दुसरीकडे २८ इंचांच्या पुढे ६ इंचांची जीभ उरते, ती आता त्या दुमडलेल्या भागाच्या वर उलटून घे. क्रम महत्त्वाचा: आधी मोठी घडी, तिच्यावर जीभ. दोन्ही लांब बाजूंना टाचण्या लाव, अर्धा इंच आत टीप मार, जिथे जीभ आणि घडी एकावर एक येतात तिथे टीप दोनदा फिरव, कारण उशी कोंबताना ताण तिथेच पडतो. कोपऱ्यांवरचं जादा कापड तिरकं छाटून टाक आणि अभ्रा उलटा. जीभ आपोआप आत जाते, उशी तिच्याखाली अडकून राहते, बटण नाही, नाडी नाही. पहिला अभ्रा वाकडा होईल. दुसरा बरा होईल. घरात उशा किती आहेत? तेवढे शिव.

त्यानंतर भाजीची पिशवी, जाड कापडाची, म्हणजे चार थर एकत्र शिवताना मशीन कसं कण्हतं ते कळेल. मग नेफ्याचा परकर नाहीतर पायजमा. पायजम्याची दोन पायांची जोडणी पहिल्या वेळी हमखास उलटी होते. एक पाय सुलटा करून दुसऱ्यात घालायचा आणि मग बैठकीची गोल टीप मारायची, ही युक्ती सासूबाईंना विचार, त्या डोळे मिटून करून दाखवतील. आणि मग कुर्ता. पहिला कुर्ता पांढऱ्या मांजरपाटाचा, सैलसर, सरळ कटाचा, आणि तोही रंगपंचमीच्या आधी. तो घालून गेरमध्ये, रंगपंचमीच्या मिरवणुकीत, जा. राजवाड्यावर रंगाच्या फवाऱ्यांखाली तुझ्या बाहीची टीप वाकडी आहे की सरळ, हे बघायला कुणाला फुरसत आहे? यजमानांनाही एक शिवून घाल. हसले होते ना!

ते टेलरकडे टाक म्हणाले, त्यात तसं चूक काही नाही. ब्लाऊजपुरतं ते आज बरोबर आहेत. येत्या लग्नसराईचे ब्लाऊज खुशाल टेलरकडे दे. घरी शिवून पैसे वाचतात हे सुरुवातीला खोटं असतं. कापड वाया जातं, दोरे-सुया-कात्रीचा खर्च होतो, आणि वेळेचा हिशोब तर कुणी करतच नाही. पैसे वाचतात ते दुरुस्तीत: उसवलेली चेन, लांब झालेली पँट, कुर्त्याची घट्ट बाही, पडद्यांच्या कडा. हे टेलर हल्ली घेतच नाहीत, घेतले तर महिनाभर लोंबकळत ठेवतात. ती कामं तू अभ्र्यांच्या जोडीलाच सुरू करू शकतेस.

कात्रीबद्दल एक वाक्य: कापडाची कात्री वेगळी, आणि तिने घरात कुणीही दुधाची पिशवी कापली तर भांडण कर.

सासूबाईंच्या "सरक"चं काय करायचं? हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, स्वदेशी, राजकुमार अशा मिलांचं हे गाव. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. मधली वर्षं अशाच काळ्या मशीनांनी किती घरं ओढली असतील, तुला घरातच माहीत आहे. ज्या बाईने त्या चाकावर संसार ओढला, तिच्यासमोर सून चाचपडत टीप मारते तेव्हा तिचे हात शिवशिवणारच. त्यात तुला कमी लेखणं नसतं. हाताने शिकलेल्या माणसाला तोंडाने सांगता येत नाही, इतकंच. मुंढ्याचा बाक कसा काढता असं विचारलंस तर त्या म्हणतील, "असा काढायचा," आणि कैंची हातात घेतील. त्यांच्याकडे दुसरं उत्तरच नाही.

म्हणून त्यांना "शिकवा" म्हणू नकोस. काम वाटून घे. बेतणं त्यांचं, टीप तुझी. बेतायला डोळे कमी आणि अंदाज जास्त लागतो. जाड खडूची ठळक रेघ त्यांना दिसते, आणि बोटं-वीत लावून त्या जे माप काढतील ते टेपने मोजून तू वहीत लिहून ठेव. ती वही तुला कुठल्याही क्लासच्या पुस्तकापेक्षा कामाला येईल, कारण त्यात तुमच्या घरातल्या माणसांची अंगं असतील. सुईत दोरा तू ओवून दे. आणि त्यांना स्वतःला मशीनवर बसावंसं वाटलं तर बसू दे की, पण त्यांच्या कामासाठी: नातवाच्या शाळेच्या डब्याची पिशवी म्हण, देवघराचा पडदा म्हण. तुझा कपडा फुटाखाली असताना मात्र हलक्या आवाजात एवढंच म्हण, "आई, उसवावं लागलं तरी चालेल, पण ही टीप मला मारू द्या." पहिल्या चार-सहा वेळा त्या ऐकणार नाहीत. म्हणत राहा. राग आला तरी उठून जाऊ नकोस. उठलीस की मशीन त्यांचं.

उसवायचंही शिकून घे, ते कुणी शिकवत नाही. दोऱ्याला हिसका मारून ओढायचं नाही, कापड चिरतं. एका बाजूने दर चार-पाच टाक्यांनी दोरा कापत जायचं आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा अख्खा ओढून काढायचा, सरळ निघून येतो.

आता ती महेश्वरी. कात्री लावायला भितेस ते योग्यच आहे, पण ती साडी त्यांनी कपाटात ठेवायला दिलेली नाही. त्यांना ती तुझ्या अंगावर बघायची आहे. आधी साडीची तब्येत तपासू. खिडकीसमोर उजेडात धर आणि घड्यांच्या रेषा बघ. बहुतेक महेश्वरीत ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो. वर्षानुवर्षं त्याच घडीवर मोडत राहिलेलं रेशीम तिथेच विरतं. घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताण. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तिचा कुर्ता होणार नाही, पहिल्या बसण्या-उठण्यात शिवणीपाशी फाटेल. मग चांगला राहिलेला भाग काढून ओढणी कर, किंवा गोधडीचा वरचा थर कर, हाताच्या धावदोऱ्याने. गोधडीत विरलेलं कापडही टिकतं, कारण खालचे थर त्याला धरून ठेवतात.

साडी धड निघाली तर कुर्ताच कर, पण पांढऱ्या मांजरपाटाचा कुर्ता अंगाला नीट बसल्यावर. तोच कागद, तेच माप, फक्त थोडा आणखी सैल. काठ खाली घेरावर हवा असेल तर कापड आडवं घ्यावं लागतं, म्हणजे साडीचा पन्हा ही कुर्त्याची उंची होते. पन्हा साधारण ४५ इंच असतो, गुडघ्याखालपर्यंत आरामात पुरेल. साडीचा काठ दोन्हीकडून सारखा दिसणारा असेल, महेश्वरच्या बुगडी किनारीसारखा, तर बाहीवरही नुसता वर दुमडून वापरता येईल, उलटी बाजू लपवायची गरज नाही. ११ नंबरची कोरी सुई लाव, टाका थोडा बारीक ठेव. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये टोच, मधल्या भागात टोचल्यास तर भोकं राहतात. हे कापड निसटतं, म्हणून मशीनखाली न्यायच्या आधी सगळं धावदोऱ्याने पक्कं कर. अस्तर मऊ सुती, भिजवून आटवलेलं.

आणि कडा इंटरलॉक करून आणू नकोस, बंद शिलाई घाल. त्यासाठी दोन्ही तुकडे सुलट बाहेर ठेवून आधी पाव इंचावर टीप मारायची. मग मार्जिन निम्मं छाटायचं, शिवण उलटून इस्त्रीने दाबायची, आणि आतल्या बाजूने पुन्हा एक टीप, म्हणजे पहिल्या टिपेच्या कडा आतच कोंडल्या जातात. सुटणाऱ्या धाग्यांवर याहून चांगला इलाज नाही. बेतायला अर्थात सासूबाईंना बसव. त्यांची साडी आहे, पहिली कात्री त्यांनाच मारू दे. तुझीही भीती जाईल.

ब्लाऊज त्याच्या नंतर. क्लासमध्ये छातीच्या मापावरून जे भागाकार शिकवले ते तूर्तास विसर. तुला अगदी नेमका बसणारा एक जुना, विटलेला ब्लाऊज शोध, टिपा कापून अख्खा उसव, तुकड्यांना इस्त्री कर आणि जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर ठेवून आखून घे. डावं-उजवं, सुलट-उलट लिहून ठेव, मार्जिन किती सोडलं होतं तेही बघ. तो तुझ्या मापाचा पक्का कागद. पहिला ब्लाऊज बिनअस्तराचा, साध्या सुती कापडाचा, बगलेत पुरतं इंचभर मार्जिन सोडून. मग कपाटातला तो पहिला ब्लाऊज बाहेर काढ आणि बघ त्याचं काय करता येतं.

विजेची मोटर याच मशीनला मागून बसवता येते, ती पायाच्या पेडलवर चालते. पण पायमशीनवर एकेक टाका मोजून थांबता येतं, मोटर सुसाट पळते. गळ्याची गोलाई न थांबता शिवता यायला लागली की बसव.

राहिल्या शेजारणी. शिवून देशील का म्हणाल्या की ब्लाऊजला सरळ नाही म्हण, वर्षभर तरी. दुसऱ्याचं कापड बिघडलं की पैसे जातात, ओळखही जाते. पण फॉल लावून देते म्हण. त्याला मशीन लागत नाही, हात बारीक टाक्याला बसतो, आणि तू मागू नकोस, काम आपणहून येत राहील. फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या निऱ्यांना सुरकुत्या धरतात. टाका साडीचे एक-दोनच धागे उचलणारा, सुलट बाजूने दिसता कामा नये. दोऱ्याचा रंग साडीशी जुळव, फॉलशी नको. पिको बाहेरून करून आण. आणि पैसे पहिल्या साडीपासून घे. एकदा "राहू दे गं" म्हणालीस की पुढच्या दिवाळीला अख्ख्या गल्लीच्या साड्या तुझ्या पलंगावर, आणि मग त्यांना दर सांगायला जीभ रेटणार नाही.